वडिलांचे ऑपरेशन आणि साक्षीची तारीख एकाच दिवशी

आपल्या वडिलांचे मिरजेत ऑपरेशन ठरले असून त्याच दिवशी सांगलीत विजयनगरच्या न्यायालयात वाटपाच्या दाव्यात त्यांचा उलटतपास आहे, तेव्हा वकिलांनी तोंडी सांगितले तर पुरेल का, असे आपण विचारले आहे. तोंडी विनंतीवर अजिबात विसंबू नये. मुदतीचा, म्हणजे तारीख पुढे ढकलण्याचा, लेखी अर्ज द्यावा, सोबत ऑपरेशनची तारीख असलेले रुग्णालयाचे पत्र जोडावे आणि त्याची प्रत समोरच्या वकिलांना आधीच द्यावी. त्यांनी ‘हरकत नाही’ असे लिहून सही केली, तर काम बरेच सोपे होते.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 17 प्रमाणे सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देता येत नाही. पक्षकाराच्या हाताबाहेरच्या अपवादात्मक कारणासाठी ही मर्यादा आड येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात स्पष्ट केले. तरीही रोजनामा (दाव्यात तारखेगणिक काय झाले याची न्यायालयातील नोंद) पाहून आपल्या बाजूने आजवर किती मुदती घेतल्या, ते मोजून ठेवा. वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत, हे कारण तर कायद्यालाच मान्य नाही.

समोरच्यांनाही वेळेत कळवा, ही कळकळीची विनंती. आमच्या दाव्यात ऐनवेळी मुदत मागितली गेली, तेव्हा जतहून आलेले आमचे वयस्कर साक्षीदार दिवसभर बाकावर बसून संध्याकाळच्या एसटीने परत गेले. खर्च मंजूर झाला, पण त्यांचे ते हेलपाटे मला आजही बोचतात.

अर्ज मंजूर होईलच असे गृहीत धरू नका; त्या दिवशी घरातील कोणीतरी हजर राहून पुढची तारीख लिहून घ्या.