घरामागच्या ओढ्यावर बीव्हरनं बांध घातलाय. ट्रॅपर्स कौन्सिलच्या माणसाला बोलवावं का?

ओढ्याकाठी

नमस्कार मंडळी. आम्ही ऑन्टारिओत नॉर्थ बेच्या बाहेर एका लहानशा टाउनशिपमध्ये राहतो. गेल्या वर्षी जुनं घर घेतलं, मागे ओढा आहे. उन्हाळ्यात बीव्हरनं, म्हणजे इथल्या पाण्यात राहणाऱ्या, झाडं कुरतडणाऱ्या प्राण्यानं, त्यावर बांध घातला. आता पाणी सेप्टिकच्या शोषखड्ड्यांपर्यंत येऊन ठेपलंय आणि घराकडे येणाऱ्या रस्त्याखालची मोरी काटक्या-चिखलानं निम्मी बुजलीय.

शेजारचे आजोबा ट्रॅपर आहेत, म्हणजे सापळे लावून फरची जनावरं धरणारे. ते म्हणाले, "बर्फ चांगला धरला की मी येतो. पैसे नकोत, कातडं माझं." जाताना त्यांच्या कौन्सिलच्या कार्यक्रमाचं पत्रक देऊन गेले. त्यात कातडं सोलायचं प्रात्यक्षिक, मुलांच्या स्पर्धा, सभा आणि शेवटी जेवण. सहकुटुंब या म्हणाले.

मी माळकरी घरातली. मुलगी नऊ वर्षांची आहे, रोज संध्याकाळी बीव्हरची पिल्लं बघायला खिडकीत बसते. तिला काय सांगू? आणि ही कौन्सिल म्हणजे नेमकं काय, हौशी शिकाऱ्यांचा क्लब? इथलं कुणी जाऊन आलंय का?

सातारकर

ताई, मी तुमच्या जवळच्याच एका टाउनशिपमध्ये रस्त्यांचं काम बघतो. त्याआधी कोयनेच्या खोऱ्यात पाटबंधारे खात्यात होतो. मोऱ्या तुंबल्या की फोन मला येतो, म्हणून बीव्हर आणि ट्रॅपर या दोघांशीही माझा नेहमीचा संबंध. सविस्तरच लिहितो.

कौन्सिल हा हौशी क्लब नाही. इथल्या सरकारी जंगलाचे तुकडे पाडून त्यांची नोंदणी केलेली असते, एकेका तुकड्याला ट्रॅपलाइन म्हणतात. प्रांतभरात अशा सुमारे 2,800 आहेत. एका ट्रॅपलाइनचा परवाना एकाच्या नावावर. किती बीव्हर, किती मार्टेन, किती फिशर (हे दोन्ही मुंगसासारखे दिसणारे फरचे प्राणी) काढायचे ते ठरलेलं, आणि हंगाम संपला की काय काय मिळालं ते प्रांताच्या नैसर्गिक संसाधन खात्याला कळवायचं. परवाना हवा तर आधी अभ्यासक्रम पुरा करून परीक्षा द्यावी लागते. हे शिकवायचं काम ऑन्टारिओ फर मॅनेजर्स फेडरेशनकडे आहे, आणि गावोगावच्या कौन्सिली त्याच्या शाखा समजा. शिकवणारे बहुतेक वेळा तुमच्या शेजाऱ्यांसारखे आजोबाच असतात.

आमच्याकडची सभा कम्युनिटी हॉलमध्ये भरते. खात्याची जीवशास्त्रज्ञ येऊन सांगते, यंदा फिशर कमी दिसताहेत, मादी वाचवा. कुणाचे सापळे चोरीला गेलेले असतात, कुणाची दोन ट्रॅपलाइनींच्या हद्दीवरून तक्रार असते. मग सगळ्यात जास्त वेळ फरच्या लिलावावर जातो. नॉर्थ बेमध्ये फर हार्वेस्टर्स ऑक्शन आहे, ट्रॅपरांच्या मालकीचं, त्यात मूलनिवासी आणि बाकीचे असे दोघांचेही भाग. 2019 मध्ये टोरोंटोचं मोठं लिलावघर, नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्स, दिवाळखोरीच्या कायद्याखाली कोर्टात गेलं. तेव्हापासून इथल्या माणसाचा सगळा भार नॉर्थ बेवर. पुढे 2021 मध्ये कॅनडा गूज या जॅकेटवाल्या कंपनीनं फर वापरणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यांच्या जॅकेटांच्या टोप्यांच्या कडेला कोयोटीची (लांडग्यासारख्या लहान प्राण्याची) फर असायची, त्यामुळे कोयोटीवर ज्यांचं गणित बसलेलं होतं ते अडचणीत आले. 2023 पासून कॅलिफोर्नियात नव्या फरची विक्रीच बंद आहे. बीव्हरला मात्र हॅटवाल्यांनी हात दिला. बीव्हरच्या आतल्या मऊ लवेचा नमदा फार घट्ट बसतो, पाऊस झेलतो, आणि काउबॉय हॅट करणाऱ्यांना अजून त्याला तोड सापडलेली नाही.

2025 मध्ये हडसन्स बे कंपनीची दुकानं बंद झाली तेव्हा सभेत बराच वेळ कुणी दुसरा विषयच काढला नाही. 1670 ची सनद असलेली कंपनी, बीव्हरच्या कातड्यावर उभी राहिलेली. एके काळी तिच्या ठाण्यांवर बंदुका, कांबळी, किटल्या या सगळ्यांची किंमत बीव्हरच्या कातड्यांत सांगायचे. निपिसिंगकडच्या एक अनिशिनाबे, म्हणजे इथल्या मूलनिवासी, आजी तेवढ्या बोलल्या. त्यांचं म्हणणं, कंपनी येण्याआधीही आम्ही बीव्हर धरत होतो, ब्रिटिश सत्तेबरोबरच्या 1850 च्या रॉबिन्सन-ह्युरॉन करारात शिकारीचा हक्क आम्ही राखून ठेवलाय, दुकान बंद झालं म्हणून आमचं काही बंद होत नाही. माझ्या मते त्या सभेतलं सगळ्यात मोलाचं बोलणं ते होतं.

आता तुमच्या ओढ्याचं. "दुसरीकडे नेऊन सोडा" असं पुष्कळ जण सुचवतील. ऑन्टारिओत जिवंत धरलेलं जनावर धरल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतच सोडावं लागतं. तेवढ्या अंतरावरून तो परत येतो. आणि हिवाळ्याच्या तोंडावर घर आणि पाण्याखाली साठवलेल्या फांद्या सोडून बीव्हरला हलवलं तर तो सहसा जगत नाही. नुसता बांध फोडला तर रात्रीत पुन्हा बांधून ठेवेल. कायद्यानंही बांध असा उठून फोडता येत नाही, मालमत्तेचं नुकसान होत असेल तरच.

म्हणजे उरतात दोन रस्ते. पाण्याची पातळी पाइपनं धरून ठेवायची, नाहीतर बीव्हर काढायचे. पाइप बसत असेल तर आधी तोच करा, हे मी ट्रॅपरांच्या सभेतही बोलतो आणि त्यातले जाणते लोक मान डोलावतात. पण काढायचेच ठरले तर कुणी आणि कधी काढायचे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फरचे भाव पडले, तरुण पोरं या धंद्यात येईनात, तेव्हा बऱ्याच ठिकाणी काय झालं ते मी कामावर बघितलंय. जून-जुलैत मोरी तुंबते, लोक ओरडतात, एक कंत्राटदार येतो. उन्हाळ्यातलं कातडं विकण्याजोगं नसतं. पिल्लं लहान असतात. मेलेली जनावरं पोत्यात भरून कचऱ्याच्या खड्ड्यात जातात. नगामागे पैसे दिले की काम संपलं. त्या पोत्यांकडे बघून मला जे वाटतं ते तुमच्या आजोबांचं काम बघताना वाटत नाही.

मी एका जुन्या ट्रॅपरबरोबर फेब्रुवारीत तळ्यावर गेलो होतो. ते बर्फावर गुडघे टेकून हातानं वरचा भुसभुशीत बर्फ बाजूला सारतात आणि खाली बघतात. बीव्हर घरातून बाहेर पडला की त्याच्या अंगातून सुटलेले बुडबुडे बर्फाच्या खालच्या अंगाला चिकटतात, पांढऱ्या चकत्यांची रांगच दिसते. ती रांग म्हणजे त्याची वाट. तिथे पहारीनं भोक पाडायचं, 330 नंबरचा चौकोनी, मानेवर मिटून मारणारा सापळा दोन काठ्यांत धरून वाटेत उभा करायचा, वर ताज्या पॉप्लरची फांदी. मोठ्या बीव्हरची वाट कुठली, पिल्लांची कुठली, हे ते बुडबुड्यांच्या दाटीवरून सांगत होते. त्या तळ्यात किती कुटुंबं, कुठलं जोडपं किती जुनं, सगळं तोंडपाठ. ती ट्रॅपलाइन त्यांची आहे, पुढच्या वर्षी तिथं बीव्हर असायला हवेत, म्हणून एका घरातून ते मोजकेच काढतात. तुमच्यासारख्या ठिकाणी मात्र सगळं कुटुंब काढावं लागतं, नाहीतर पाणी जैसे थे. हे मुलीला सांगताना लपवू नका असं माझं मत.

मग कातडं कलत्या ओंडक्यावर टाकून दोन मुठींच्या सुरीनं चरबी खरवडायची, प्लायवूडवर लंबगोल ताणून कडेनं खिळे मारायचे. मीठ लावत नाहीत, नुसतं वाळवतात. लांबी अधिक रुंदी, बेरीज 65 इंचांच्या पुढे गेली की 'ब्लँकेट', म्हणजे मोठ्या मापाचं कातडं. मांस घरात खातात किंवा कुत्र्यांना जातं. शेपटीजवळच्या दोन ग्रंथी वाळवून अत्तरवाल्यांना विकतात.

जेवणाचं म्हणाल तर सगळे घरून एकेक पदार्थ आणतात. मसालेभात घेऊन जा, संपेल. बीव्हरचा रस्सा असतो, पण तो वेगळा ठेवतात आणि आग्रह कुणी करत नाही.

वऱ्हाडी पाखरू

मी अमरावतीची, मेळघाटात वन्यजीवांच्या कामात आहे. सातारकर दादांचं वाचून गप्प बसवेना.

आपल्याकडे 1972 च्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच सापळा लावणं, फास लावणं येतं. मला तो कायदा हवाच आहे. जबडी सापळ्यात पाय अडकलेला वाघ ज्यानं बघितला तो दुसरं बोलणार नाही. पण आमच्या भागातले फासेपारधी आठवले. तितराचा माग, लाव्याचा आवाज, हरणाची वाट, बुडबुड्यांइतकंच बारीक ज्ञान त्यांच्याकडे. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अशा जमातींवर गुन्हेगार म्हणून शिक्का मारायला सुरुवात केली, 1952 मध्ये तो उठला असं म्हणायचं, पण पोलीस अजून आधी त्यांच्याच बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, जातात. तिकडे त्याच कामाला परवाना, परीक्षा आणि सरकारी जीवशास्त्रज्ञासमोर खुर्ची. हे वाचून पोटात तुटलं.

एक प्रश्न विचारतेच. त्या 330 सापळ्यात जनावर किती वेळ जिवंत राहतं?

ऑटवाकर

आमच्या कॉटेजवर पाइपचा उपाय केलाय, चालतो. बांधातून जाड पाइप आरपार घालायचा, वरच्या बाजूचं तोंड बांधापासून लांब, खोल पाण्यात, आणि त्याभोवती जाळीचा मोठा पिंजरा. बीव्हर वाहत्या पाण्याच्या आवाजाला बांध घालतो, इथे आवाज बांधापाशी होतच नाही. पिंजरा बसायला पाणी पुरेसं खोल हवं. उथळ चरात जमत नाही, आणि पिंजऱ्याला लागलेला कचरा अधूनमधून काढावा लागतो.

दुसरं, कुत्रा आहे का? सापळे असतील तेवढे दिवस त्याला मोकळा सोडू नका. 330 मधून कुत्र्याला एकट्या माणसानं सोडवणं अवघड आहे. आमच्याकडच्या ट्रॅपरांच्या मेळाव्यात दोरीचा फास टाकून स्प्रिंग कशी दाबायची ते शिकवतात. कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकानं ते एकदा हातानं करून बघावं.

सातारकर

पाखरूताई, सरळ उत्तर देतो. 1997 मध्ये कॅनडा, रशिया आणि युरोपीय संघ यांच्यात सापळ्यांच्या मानकांचा करार झाला. मारणाऱ्या सापळ्यात अर्मिन (मुंगसासारखा छोटा प्राणी) 45 सेकंदांत, मार्टेन 120 सेकंदांत आणि बीव्हर 300 सेकंदांत शुद्ध हरपलेला असला पाहिजे, आणि चाचणीतल्या किमान 80 टक्के जनावरांच्या बाबतीत हे जमलं तरच सापळा मान्य. चाचण्या अल्बर्टात व्हेग्रेव्हिलला होतात. 300 सेकंद म्हणजे पाच मिनिटं. ती कमाल मर्यादा आहे, मानेवर नीट बसलेला सापळा त्याच्या आतच काम करतो. तरी पाच मिनिटं हा आकडा मला थोडा वाटत नाही, आणि 80 टक्क्यांच्या बाहेर 20 टक्के उरतात. कौन्सिलच्या प्रशिक्षणात सापळा कसा उभा करायचा यावर इतका वेळ घालवतात तो यासाठीच. वाकडा बसला तर मार चुकीच्या जागी बसतो.

पारध्यांबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी निपिसिंगच्या आजींना सांगणार आहे. इथल्या मूलनिवासींनाही त्यांच्याच जंगलात परवान्यावाचून जनावरं धरल्याबद्दल खटले सोसावे लागलेत. त्यांना ते समजायला वेळ लागणार नाही.

ओढ्याकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज नवऱ्यानं ओढ्यात काठी घालून बघितलं. बांधाच्या वर पाणी कमरेइतकं आहे, म्हणजे पाइपला जागा आहे. मोरीपाशी मात्र उथळ. मुलीला सगळं सांगितलं, सापळ्यासकट. ती रडली आणि मग म्हणाली, "आजोबांना विचार ना, पाइप बसवायला मदत करतील का?" विचारलं. ते म्हणाले, पाइप माझ्या गोठ्यात पडलाय, जाळी तुम्ही आणा. कार्यक्रमाला आम्ही जाणार आहोत. कुत्रा नाही.

पाइपनं भागलं नाही तर पुढचं काय करून ठेवू?

सातारकर

आजोबा खरंच भला माणूस. ताई, आत्ताच एवढं करा. पाणी आज कुठवर आहे तिथे खुंटी ठोका, तारीख घालून फोटो काढा आणि दर पावसानंतर पुन्हा काढा. मोरी टाउनशिपची की तुमची ते कार्यालयात विचारून घ्या, टाउनशिपची असेल तर तिच्या तोंडाला जाळी बसवणं त्यांचं काम. पाइप बांधाच्या माथ्याजवळ नको. शोषखड्ड्यांच्या तळाच्या खाली पाणी राहील अशा बेतानं त्याची पातळी ठेवा. आणि बर्फ धरेपर्यंत पाणी उतरलं नाही तर आजोबांना तुमच्या जमिनीवर यायची लेखी परवानगी द्या. त्यात हंगाम, ओढ्याचा कुठला भाग आणि सापळ्यांच्या जागी खुणेच्या काठ्या लावायच्या हे लिहा. जाळी घ्याल तेव्हा सहा इंची चौकटीची, जाड तारेची घ्या. कोंबड्यांच्या खुराड्याची बारीक जाळी आठवड्यात पाल्यानं बुजते.