भाडेकरूंना सौरऊर्जेचा फायदा कसा मिळणार?

प्रश्न: वस्तीत सामूहिक सौर प्रकल्प येतोय. बैठक दुपारी ३ ला, आम्ही बायका तेव्हा कामावर. मागच्या वेळी हजेरीच्या कागदावर चारच सह्या, तरी 'लोकांची संमती' लिहून मोकळे! छप्पर मालकाचं, बिल आम्ही भरतो. काय मागायचं?

उत्तर १: छप्पर लागत नाही. नियमांत तरतूद असेल तर प्रकल्पातला हिस्सा तुमच्या नावावर होतो, त्याची वीज बिलातून वजा होते. लेखी घ्या.

उत्तर २: संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये ठरवलेलं ७ वं शाश्वत विकास उद्दिष्ट पत्रात लिहा: २०३० पर्यंत सर्वांना परवडणारी, भरवशाची ऊर्जा. बैठक संध्याकाळीच मागा.

प्रश्नकर्ती: दारोदार सह्या घेतेय. शेजारच्या आजींनी अंगठा उठवताना विचारलं, "रात्री पंखा चालेल ना गं?" बॅटरीचंही विचारतेच आता.