शाळेतलं पुस्तक काढायचं, तर कुणी आणि कोणत्या पद्धतीने?

दाखल_क्रमांक:
पुस्तक कधीच काढू नये असं माझं म्हणणं नाही. पण काढल्याची नोंद राहिलीच पाहिजे. लेखी बंदी क्वचितच निघते. एका पालकाचा फोन येतो, मुख्याध्यापक 'सध्या बाजूला ठेवा' म्हणतात, आणि पुस्तक दाखल नोंदवहीत (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदवहीत) राहतं पण देवघेवीतून गायब होतं. पुढच्या पडताळणीत ते 'जीर्ण' म्हणून निर्लेखनाच्या, म्हणजे कायमचं काढून टाकायच्या, यादीत गेलं की विचारायलाही कुणी उरत नाही.

म्हणून शाळेसाठी नियमांचा मसुदा करतोय. त्यात निदान एवढं हवं: तक्रार लेखी आणि सहीची, हरकतीची पानं त्यात नमूद. पाच ते सात जणांची समिती, त्यात ग्रंथपाल, शिक्षक, पालक आणि शाळेबाहेरचा एक जण. प्रत्येकाने पुस्तक पूर्ण वाचायचं. इथेच घोडं अडतं. प्रत एकच असते, मग कुणीतरी 'तेवढ्याच' पानांच्या झेरॉक्स वाटतं आणि संदर्भ तुटलेल्या उताऱ्यावर मतदान होतं. म्हणून प्रती आधी मिळवा, मग बैठक लावा. निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटातच, म्हणजे मुलांना वाचायला मिळेल असं, राहील आणि निर्णय कारणांसह लेखी असेल.

सुमेधा_र:
निर्णय होईपर्यंत पुस्तक कपाटात ठेवण्याच्या अटीला माझा ठाम विरोध. समितीला दोन महिने लागले तर तेवढे दिवस दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ते पुस्तक राहणार? अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने 2023 च्या कायद्यात लैंगिक वर्णनाची हरकत आली की शाळेच्या पाच दिवसांत पुस्तक बाजूला काढून मग निर्णय घ्यायचा, असा क्रम घातला. मला तो रास्त वाटतो.

आणि प्रत्येक काढण्याला सेन्सॉरशिप म्हणू नका. शाळेत मूल स्वतःच्या मर्जीने बसलेलं नसतं, म्हणून वयाचा विचार करणं शाळेचं कामच आहे. अमेरिकेतल्या 1982 च्या पिको खटल्याचा दाखला नेहमी दिला जातो. निव्वळ विचार पटत नाहीत म्हणून शाळा मंडळाने ग्रंथालयातली पुस्तकं काढू नयेत, असं तिथल्या मुख्य निकालपत्रात आहे. पण त्या निकालपत्रामागे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचं बहुमत नव्हतं, आणि शैक्षणिकदृष्ट्या अयोग्य पुस्तक काढायला त्यातही मुभा आहे.

दाखल_क्रमांक:
पिकोबद्दल बरोबर. पण पाच दिवसांच्या नियमाने काय होतं ते पाहा. काढणं तक्रारीसरशी होतं, परत ठेवायला मात्र पूर्ण प्रक्रिया लागते. एकाच माणसाने शंभर अर्ज दिले तर शंभर पुस्तकं बाहेर, आणि वाचणारी समिती एकच. वयाची काळजी असेल तर मधला मार्ग आहे: आपल्या पाल्याला ते पुस्तक देऊ नये अशी नोंद त्याच्या वाचक-कार्डावर करून घ्या, किंवा पुस्तक वरच्या इयत्तेच्या कपाटात हलवा. इतरांच्या मुलांसाठीही ते बंद करण्याचा हक्क एका पालकाकडे कसा येतो?

विज्ञान_शिक्षक:
ग्रंथालयापेक्षा पाठ्यपुस्तकाचा प्रश्न गंभीर आहे. ग्रंथालयातलं पुस्तक वाचणं ऐच्छिक असतं, पाठ्यपुस्तकातून गेलेला भाग मात्र परीक्षेतून आणि वर्गातूनही जातो. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' होतं, आता फक्त 'आनुवंशिकता' उरलं. उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे, हे उत्तर मला अजिबात मान्य नाही. दहावीपर्यंत विज्ञान सगळ्यांना असतं, बारावीला जीवशास्त्र घेणारे थोडे. वाणिज्य किंवा कला शाखेला जाणाऱ्या मुलाला उत्क्रांती वर्गात भेटणारच नाही.

अभ्यासक्रम_आणि_वेळ:
कपात म्हणजे गळचेपी, हे समीकरण चुकीचं आहे. तासिका मोजक्या असतात. नवं काही घ्यायचं तर जुनं काढावंच लागतं, आणि कोविडनंतर भार कमी करणं गरजेचं होतं. कुणालाच न दुखावणारी कपात मला तरी ठाऊक नाही.

विज्ञान_शिक्षक:
भार कमी करायला हरकत नाही. पण 2023 मध्ये गांधीहत्येच्या संदर्भातली काही वाक्यं जाहीर केलेल्या यादीत नसतानाही गेल्याचं उघड झालं. ते नजरचुकीने झालं असेल, असं एनसीईआरटीकडून सांगण्यात आलं. नजरचूक होती, तर वाक्यं पुन्हा घालता आली असती. दोन-तीन वाक्यांनी किती तासिका वाचतात? कपातीच्या यादीत वगळलेला मजकूर, कारण आणि तो पुढे कोणत्या इयत्तेत येणार, हे तीन रकाने असले तर तुमचा मुद्दा तपासता येईल. नाहीतर विश्वास ठेवायचा कशावर?

सुमेधा_र:
रकाने मान्य. ग्रंथालयाच्या निर्णयांनाही तेच लावा, आणि समितीला तीस दिवसांची मुदत घाला. मग पुस्तक कपाटात राहण्यावरचा माझा आक्षेप बराच कमी होईल.

जाळी_आणि_गाळणी:
संगणक कक्षात इंटरनेटवरची पानं अडवणाऱ्या फिल्टरबद्दल कुणी बोललंच नाही. शब्द पाहून पान अडवणाऱ्या फिल्टरला स्तनाच्या कर्करोगाची माहिती आणि अश्लील मजकूर यांतला फरक कळत नाही. तीच चूक आता पुस्तकांबाबत होते आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मेसन सिटीच्या शाळांनी 2023 मध्ये नव्या कायद्यासाठी, पुस्तकात लैंगिक क्रियेचं वर्णन आहे का हे चॅटजीपीटीला विचारलं आणि 19 पुस्तकं काढली. असली साधनं न वाचलेल्या पुस्तकाबद्दलही ठामपणे चुकीचं सांगतात.

फिल्टर ठेवायचाच असेल तर अडवलेल्या पानावरच 'हे उघडा' अशी विनंती करण्याची सोय हवी, शिक्षकाला ते तासापुरतं उघडता यावं, आणि अडवलेल्या पानांची यादी दर महिन्याला ग्रंथपालाकडे जावी. आज ती यादी बहुधा फिल्टर पुरवणाऱ्या कंपनीकडेच असते.

दाखल_क्रमांक:
तीस दिवस मान्य, पण सुट्ट्या वगळून, आणि मुदत उलटली तर पुस्तक कपाटातच राहील या अटीवर. फिल्टरची यादी ग्रंथपालाकडे यावी, हेही कलम मसुद्यात घालतो.