प्रतिसाद: घरी येऊन चौकशी
मदत देण्याआधी घरी येऊन चौकशी म्हणजे गरिबाचा पाणउताराच, हा वरच्या लेखातला मुद्दा मला अर्धाच पटला. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या गरिबांना मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेचं कामच घरभेटीवर चालतं, १८३३ मध्ये पॅरिसला फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी ते सुरू केलं तेव्हापासून. जायचं जोडीने, आणि कुणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही. सदस्यांच्या सभेतली वर्गणीसुद्धा गुपचूप पिशवीत; कुणी किती टाकले, कळत नाही.

इंदूरला परदेशीपुऱ्यात आमच्या शेजारच्या काकांची मिल बंद पडली तेव्हा असेच दोघं आले होते. काका तर पक्के माळकरी! चहा झाला, गप्पा झाल्या, आणि जाताना किराणावाल्याची उधारी परस्पर फेडून गेले. भिंतीला भिंत लागून असूनही आम्हाला पत्ता नाही. कैक वर्षांनी काकूच बोलल्या.