जॉयस्टिक मोकळी सोडली तरी डावीकडे ओढते, खराबी नक्की कुठे आहे हे कसं ओळखायचं?

धनकवडीकर:
नमस्कार मंडळी. प्रश्न जॉयस्टिकचा आहे, पण घरची थोडी हकीकत सांगावी लागेल.

माझे बाबा ७४ वर्षांचे. एसटीत ड्रायव्हर होते, स्वारगेटहून महाबळेश्वरची गाडी वर्षानुवर्षं नेली. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय बराच परत आलाय, हात हळूहळू येतोय. रबरी चेंडू दाबणं, ताटलीतले राजमे एकेक करून वाटीत टाकणं, याचा त्यांना मनापासून कंटाळा. भाच्याची जुनी यूएसबी जॉयस्टिक माळ्यावर पडून होती. फिजिओच्या ताईंना विचारलं, त्या म्हणाल्या जरूर द्या. मग कॉम्प्युटरवर फ्लाइटगिअर टाकलं, हा विमान उडवायचा खेळ फुकट मिळतो. तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी चहा झाला की लोहगावच्या धावपट्टीवरून सेसना उडवतात. सुरुवातीला मूठ धरायला डाव्या हाताने बोटं बसवून द्यावी लागायची. आता आपली आपण धरतात.

पंधरा दिवसांपासून विमान डावीकडे कलतंय. ते उजवीकडे दाबून धरतात आणि पाच मिनिटांत मनगट थरथरायला लागतं. त्यांनी मनाशी पक्कं केलंय की ओढ त्यांच्या हातात आहे. झटक्यानंतर हात असाच आत, छातीकडे यायचा, म्हणजे डावीकडेच. परवा जॉयस्टिक बाजूला सारली आणि म्हणाले, "गाडी सरळ ठेवता येत नसेल तर ड्रायव्हरने उतरावं." त्यानंतर हातच लावलेला नाही.

काल मी त्यांच्यासमोर हात न लावता विमान सोडलं, तरी ते डावीकडे गेलंच. पण त्यांना वाटतं मी समजूत काढतेय. त्यांना डोळ्यांनी पटेल असं काही हवंय. विंडोज १० आहे. जॉयस्टिकची मूठ पिळली की रडर, म्हणजे विमानाच्या शेपटीवरचं सुकाणू, फिरतो, बुडाशी इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी थ्रॉटलची पट्टी आहे.

कागदीविमान:
ताई, आधी विमानाचा संशय दूर करा. सेसना १७२ सारखं एका पंख्याचं विमान पूर्ण ताकदीवर चढत असताना मुळातच डावीकडे ओढतं. आत बसून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, त्याची उलटी प्रतिक्रिया विमानाला डावीकडे लोटते. शिवाय नाक वर असताना उजवीकडून खाली येणारं पातं हवेला जास्त जोर लावतं. खरे वैमानिक टेकऑफला उजव्या पायाने रडर दाबून ठेवतात, बाबांना मूठ थोडी उजवीकडे पिळावी लागेल. म्हणजे हवेत केलेली कुठलीच चाचणी पुरावा म्हणून धरू नका. विमान जमिनीवर उभं, इंजिन बंद, जॉयस्टिकला कोणाचाही हात नाही, आणि कॉकपिटमधल्या स्टिअरिंगकडे पाहा. ते वाकडं दिसलं तर विमान निर्दोष.

सोल्डरगन:
वरचं बरोबर. पण त्याहीपेक्षा आकडे दाखवा, आकड्यावर वाद होत नाही. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा आणि येईल त्या चौकटीत joy.cpl लिहा: जे, ओ, वाय, टिंब, सी, पी, एल. जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, कॅलिब्रेट (म्हणजे मुठीचा मध्य आणि टोकं नव्याने ठरवणं). त्या खिडकीत रॉ डेटा, म्हणजे जॉयस्टिककडून येणारे मूळ आकडे, दाखवण्याची चौकट असते, तिच्यावर टिक करा. आता मूठ सोडून द्या आणि आडव्या अक्षाचा आकडा लिहून घ्या. डावीकडून सोडून पाहा, उजवीकडून सोडून पाहा, दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. कॅलिब्रेशन मात्र आत्ता पुरं करू नका, नाहीतर चुकीचाच मध्य साठवला जाईल.

धनकवडीकर:
दोन्ही केलं. उभ्या विमानात स्टिअरिंग डावीकडे झुकलेलं होतं. बाबा खुर्चीतून पुढे वाकून बघत होते, बोलले काही नाहीत.

आकडे असे. पुढे-मागे: मूठ सोडली की दरवेळी ५११ किंवा ५१२. आडवा अक्ष: डावीकडून सोडली तर ४५८, उजवीकडून सोडली तर ४६३, दहा मिनिटांनी ४४१, आणि कोणी हात लावलेला नसताना आकडा सारखा दहा-बारांनी थरथरतोय. मधेच एकदा ३९० वर जाऊन परत आला.

रविवारदुपार:
डेडझोन १५ टक्के करा. दोन मिनिटांचं काम आहे, ओढ लगेच थांबेल.

सोल्डरगन:
दुसऱ्या कोणाला मीही तेच सांगितलं असतं. इथे नको. डेडझोन म्हणजे मधल्या भागातली हालचाल मोजायचीच नाही. ज्या माणसाचा हात आत्ता एकेक सेंटिमीटर परत येतोय, त्याची तेवढीच हालचाल कॉम्प्युटर गिळून टाकणार. मूठ हलवली आणि विमान ढिम्म, असं झालं तर ते पुन्हा स्वतःलाच दोष देतील.

आता आकड्यांबद्दल. तुमच्या जॉयस्टिकची पट्टी साधारण ० ते १०२३ असावी, मध्य ५१२ च्या आसपास, पुढे-मागेचा अक्ष तसाच आहे. आडवा अक्ष नुसता एकाच जागी सरकलेला असता, समजा कायम ४६०, तर कॅलिब्रेशनने भागलं असतं. डावीकडून आणि उजवीकडून सोडल्यावर मोठा फरक पडला असता तर स्प्रिंग किंवा प्लॅस्टिकचा सांधा ढिला म्हटलं असतं. तुमचा फरक पाचाचाच आहे. स्थिर मूठ असताना आकडा थरथरतो आणि उड्या मारतो, हे पोटेन्शिओमीटरचं लक्षण, म्हणजे आपण ज्याला पॉट म्हणतो. आत कार्बनचा घोड्याच्या नालेसारखा पट्टा असतो आणि त्यावर धातूची बारीक पाकळी घासत फिरते. पॉट एकूण पाऊण फेरीहून जास्त फिरू शकतो, पण जॉयस्टिक त्यातला मधला थोडाच भाग वापरते. त्यामुळे सगळी झीज तिथेच होते आणि तिथेच धूळ बसते. माळ्यावर पावसाळे काढले असतील तर दमटपणाही आलाच.

यूएसबी काढा. बुडाचे स्क्रू सोडा, वायरी हलवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि स्प्रिंग सुटताना हात ठेवा, ती उडते. आडव्या अक्षाच्या पॉटला तीन पाय असतील. दांड्याच्या फटीत आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत पन्नासेक वेळा फिरवा. अर्धा तास वाळू द्या. शिलाई मशीनचं तेल किंवा खोबरेल चुकूनही नको, त्यावर धूळ चिकटून पट्टा आणखी जातो.

तेवढ्याने थरथर गेली नाही तर पॉट बदला. पाय सोडवून मल्टिमीटर लावा: बाहेरच्या दोन पायांमध्ये रेझिस्टन्स कायम तेवढाच हवा, मधला आणि एक बाहेरचा यांच्यात तो हळूहळू वाढला पाहिजे. काटेवाला मीटर असेल तर उत्तम, काट्याची उडी लगेच दिसते. नवा घेताना जुना सोबत न्या. वर बी १० के लिहिलेलं असेल तर बी म्हणजे सरळ चढणारा, १० के म्हणजे दहा किलो-ओहम रेझिस्टन्स. आवाजाच्या बटणासाठीचा ए मालिकेतला घेऊ नका, त्याचा मध्य मध्यात येत नाही. दांड्याची लांबी आणि एका बाजूचा सपाट काप जुळवून बघा.

धनकवडीकर:
आठ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल माफ करा.

जॉयस्टिक बाबांनीच उघडली. स्क्रू ड्रायव्हर डाव्या हातात, आणि बूड दाबून धरायला उजवा. तीन स्क्रू झाल्यावर दमले, बाकीचे मी काढले. पॉट बाहेर आल्यावर त्यांनी दांडा दोन बोटांत धरून फिरवला आणि मध्यावर थांबले. म्हणाले, "इथे खरखर आहे बघ." मला काहीच जाणवलं नव्हतं. मी पुन्हा नीट फिरवून पाहिला तर खरंच, वाळूचा कण अडकल्यासारखं बारीकसं लागत होतं. पसरणी घाटात पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्या चढवलेली ती बोटं आहेत, आणि खरखर त्यांना उजव्या हाताला लागली. हे मला त्या दिवशीचं सगळ्यात मोठं वाटलं.

अल्कोहोलने थरथर कमी झाली, पण दोन दिवसांत आकडा पुन्हा ४७० वर उतरला. मग जुना पॉट पाकिटात घालून तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. पहिल्या दुकानात ए दिला, मी परत केला. तिसऱ्या दुकानात बी १० के मिळाला, दांडा थोडा लांब होता तो त्यांनीच कापून दिला. डाग शेजारच्या मुलाने दिला, त्याच्याकडे सोल्डरिंगची बंदूक आहे. त्यानंतर कॅलिब्रेशन पहिल्यापासून केलं.

आता मूठ सोडली की ५१०, ५११, ५१०. डेडझोन शून्य. बाबांनी ती कॅलिब्रेशनची खिडकी बराच वेळ उघडी ठेवली होती, मूठ हलवायची, सोडायची, आकडा बघायचा. मग म्हणाले, "म्हणजे गाडीच ओढत होती." आणि लोहगावला जाऊन बसले.

मनगट अजून थरथरतं, पण आता पंधराव्या-विसाव्या मिनिटाला. कागदीविमान, टेकऑफला मूठ उजवीकडे पिळायचं त्यांना सांगितलं, ते अवघड जातंय, पिळण्याची हालचाल हाताला अजून येत नाही. फिजिओच्या ताईंनी तीच हालचाल आता व्यायामात घेतली आहे.

सोल्डरगन, एकच विचारायचंय: रडरचा आकडाही ५२० ते ५३० मध्ये थोडा हलतो. तो पॉट मुठीच्या आत आहे आणि त्याच्या वायरी दांड्यातून खाली येतात. तो आत्ताच उघडावा की चालेल तोवर चालू द्यावा?

सोल्डरगन:
दहाच्या आतली थरथर असेल तर हात लावू नका. त्या वायरी मूठ पिळून पिळून दांड्याच्या तोंडाशी कमकुवत झालेल्या असतात, उघडताना हमखास तुटतात. तीसच्या वर गेली तर उघडा, आणि तेव्हाही पॉटच्या आधी वायरीच बघा. बाबांना नमस्कार सांगा.