यू-87 धाटणीचा माइक नागपुरात बांधायचा आहे: बॉडी, कॅप्सूल, ट्रान्सफॉर्मर कुठून?

बर्डीकर
नमस्कार मंडळी. मोठ्या कॅप्सूलचे (कॅप्सूल म्हणजे आवाज पकडणारा पडद्याचा भाग), नॉयमन या जर्मन कंपनीच्या यू-87 या स्टुडिओ माइकच्या धाटणीचे चार माइक बांधायचे आहेत. गायन आणि तबल्यासाठी, फक्त कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारे. बॉडी हिंगणा एमआयडीसीत लेथवर करून घ्यावी असा बेत आहे. के-67 जातीची चिनी कॅप्सूल आणि ऑनलाइन मिळणारा तयार ट्रान्सफॉर्मरलेस बोर्ड ही जोडी जमेल का? ट्रान्सफॉर्मर लावायचाच झाला तर इथल्या वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेता येईल का? आणि पावसाळ्यात असे माइक कडकडतात, त्यावर बांधतानाच काय करून ठेवावं?

हाय_इम्पीडन्स
जोडी जमणार नाही, आणि स्वस्त माइक कानाला टोचतात त्याचं मुख्य कारण हेच आहे. के-67 कॅप्सूलचा प्रतिसाद सपाट नसतो. 10 किलोहर्ट्झच्या आसपास तो चांगलाच उचललेला असतो. नॉयमनने यू-67 आणि यू-87 मध्ये हे गृहीत धरूनच सर्किट केलं: आउटपुटचा काही भाग फिल्टरमधून मागे इनपुटला देऊन वरच्या पट्ट्या तेवढ्याच दाबल्या. तुम्ही म्हणता तो बोर्ड शोप्स या जर्मन माइक कंपनीच्या सर्किटवरून आलेला आहे. ते सर्किट उत्तम आहे, पण सपाट आहे. कॅप्सूलचा उचल जसाच्या तसा बाहेर येतो, मग 'स' आणि 'श' फुटतात आणि लोक दोष कॅप्सूलला देतात.

दोन वाटा आहेत. के-67 हवी असेल तर डी-एम्फसिस (म्हणजे वर सांगितलेली वरच्या पट्ट्यांची दाब) असलेलं यू-87 चं सर्किट बांधा. ट्रान्सफॉर्मरलेस बोर्डच वापरायचा असेल तर के-47 जातीची कॅप्सूल घ्या, तिचा वरचा उचल कमी असतो. मात्र के-47 ला एकच सामाईक बॅकप्लेट (पडद्यामागची धातूची चकती) असते आणि के-67 ला दोन वेगळ्या, त्यामुळे वायरिंग बदलतं. फक्त कार्डिऑइड हवं म्हणून मागचा डायफ्रॅम (पडदा) लोंबकळत सोडू नका, तो बॅकप्लेटच्याच व्होल्टेजला बांधा.

कॅप्सूल घरी बनवायच्या फंदात पडू नका. काही मायक्रॉन जाडीचं सोन्याचा मुलामा दिलेलं मायलर सारख्या ताणाने बसवणं हे लेथचं काम नाही. आलेली कॅप्सूल मात्र तपासून घ्या: दोन्ही बाजूंची कपॅसिटन्स एलसीआर मीटरवर मोजा, प्रोबची स्वतःची कपॅसिटन्स वजा करा, आणि दोन बाजूंत लक्षणीय फरक निघाला तर परत पाठवा. साध्या मल्टिमीटरला इतके कमी पिकोफॅरड धड दिसत नाहीत.

पितळी_नळी
बॉडीचं मी सांगतो. मूळ यू-87 चा व्यास 56 मिमी, लांबी 200 मिमी. नेमकी 56 ची पितळी नळी मिळेलच असं नाही. सव्वादोन इंची, म्हणजे 57.15 मिमीची घ्या आणि बाहेरून उतरवा. पातळ नळी थ्री-जॉ चकमध्ये थेट आवळली की तिकोनी होते, चकमधून काढल्यावर कळतं. आधी आतून घट्ट बसणारा डमी टर्न करून घाला, मगच पकडा. टर्नरभाऊंना हे स्पष्ट सांगा, कारण जॉबवर्कच्या घाईत डमी कोणी आपणहून करत नाही. खालचं बूड आणि रिंगा सळईतून काढायच्या तर फ्री-कटिंग पितळ मागा, आयएस 319 चं. इतवारीतल्या भंगारातली सळई स्वस्त पडते, पण तिचा दर्जा कळत नाही आणि बारीक आटे तुटतात.

निकेल प्लेटिंगला देण्याआधी आटे झाकायला लावा, नाहीतर थर चढल्यावर एकमेकांत जात नाहीत. मॅट फिनिश हवं असेल तर बीड ब्लास्टिंग प्लेटिंगच्या आधी.

जाळी दोनच थरांची ठेवा: बाहेर जाड, आत बारीक. चौकटीला कडेने पूर्ण सोल्डर करा. जाळी आणि बॉडी यांच्यामध्ये रंग किंवा लॅकर राहिलं की अर्थ तुटतो आणि हात लावला की गुणगुण येते. जोडाच्या जागा खरवडून मल्टिमीटरवर बीप ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बर्डीकर
धन्यवाद भाऊ. मग के-67 आणि यू-87 चं सर्किट हेच नक्की. फेट (कॅप्सूलचा सिग्नल पुढे नेणारा ट्रान्झिस्टर) 2एसके170 घेतोय, सगळे तोच सुचवतात.

दोन_पॉइंट_दोन_के
त्यालाच नको म्हणतो. तोशिबाने तो बंद केलाय आणि ऑनलाइन विकले जाणारे बहुतेक संशयास्पद असतात. अस्सल मिळाला तरी त्याची इनपुट कपॅसिटन्स 30 पिकोफॅरडच्या आसपास असते. कॅप्सूलच मुळात काही दहा पिकोफॅरडची, त्यामुळे सिग्नलचा मोठा वाटा तिथेच वाटला जातो. मूळ यू-87 मधल्या 2एन3819 ची कमाल 8 आहे. तो घ्या, पण दहाएक आणून निवडा, कारण नगानगात फरक फार. बायस, म्हणजे फेटचा कामाचा बिंदू, ठरावीक व्होल्टेजवर लावू नका. कॅप्सूलच्या जागी 68 पिकोफॅरडचा कपॅसिटर लावून त्यातून साइन वेव्ह द्या, ऑसिलोस्कोपवर वरचं आणि खालचं टोक एकदमच कापलं जाईल तिथे ट्रिमर थांबवा. हे बॉडी बंद करून करा, उघड्यावर 50 हर्ट्झची गुणगुणच दिसेल.

ट्रान्सफॉर्मर इथे गुंडाळू नका. मोटर आणि इन्व्हर्टरवाल्यांचा हात चांगला असतो, अडचण गाभ्याच्या पत्र्याची आहे. सिलिकॉन स्टीलला इतक्या बारीक सिग्नलवर पुरेसा इंडक्टन्स मिळत नाही, खर्ज गळतो. जास्त निकेलचा पत्रा लागतो, आणि तो कापल्यावर हायड्रोजनमध्ये अनील करावा लागतो. सिनेमॅग किंवा लुंडाल या कंपन्यांचा तयार घ्या. 10:1 चा घेतला तर इम्पीडन्स 100 पटीने बदलतो, म्हणजे बाहेर 200 ओम हवे तर फेटच्या बाजूला 20 किलोओम.

हाय_इम्पीडन्स
कडकडाटाचं राहिलं. फेटच्या गेटवर, म्हणजे इनपुटच्या पायावर, 1 गिगाओमचा रेझिस्टर असतो, त्याच्या शेजारी फ्लक्सचा पातळ थर किंवा बोटाचं तेल ओल धरतं आणि तिथून गळती होते. म्हणून गेटचा पाय पीसीबीला लावूच नका, टेफ्लॉनच्या स्टँडऑफवर हवेत जोडा. सोल्डरिंगनंतर तो भाग 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा धुवा आणि नंतर फक्त चिमट्याने हाताळा. डायफ्रॅमला अल्कोहोल, ब्रश, फुंकर काहीही नको.

आणि फक्त पावसाळा धरून चालू नका. आपल्याकडे मे महिन्यात खोलीत कूलर चालू असतो, त्याचीही ओल पुरते. माइक रात्री स्टँडवर न ठेवता सिलिका जेल टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा.