कॉट बेसिसवरच्या व्लॉगरचा पायलट: फोनचे शॉट आणि कॅमेऱ्याचे शॉट कसे सांभाळावेत?

पेठेतली_खोली
एमपीएससीच्या अभ्यासासाठी पुण्यात आलेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मुलगा घरच्यांना न सांगता व्लॉग चालवतो. अभ्यासिकेत जागा धरून ठेवायची आणि व्हिडिओ मेसच्या जेवणावर करायचे, असं त्याचं चाललंय. विनोदी अंगाची, पण आतून गंभीर मालिका. पहिला भाग २२ मिनिटांचा. पैसे आमचेच, पाठीशी वाहिनी नाही.

कथेचा कॅमेरा मिररलेस, सेकंदाला २५ फ्रेमवर. व्लॉग फोनवर. चाचणीत तीन गोष्टी खटकल्या: फोनच्या चित्रात ट्यूबलाइटचे पट्टे सरकतात, एडिटला बसलं की फोनचा आवाज ओठांच्या मागेपुढे होतो, आणि पंखा बंद केला तरी खोलीत आवाज घुमतो. शिवाय फोन नटाच्याच हातात द्यावा का?

फ्रेम_पंचवीस
पट्टे आणि सरकणारा आवाज, दोन्हींचं मूळ फोनच्या फ्रेमरेटमध्ये आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. फोन आपल्या मनाने ३० फ्रेम आणि भलताच शटर (एका फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ) धरतो, म्हणून पट्टे. फोनही २५ फ्रेमवर आणा, शटर १/५० सेकंदावर कुलूपबंद करा. उजेड जास्त असेल तर १/१००. आयफोनच्या सेटिंगमध्ये पाल (म्हणजे २५ फ्रेमचा) फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय असतो. नाहीतर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप फुकट आहे, त्यात दोन्ही गोष्टी हाताने ठरवता येतात (अँड्रॉइडवर तुमचं मॉडेल चालतं का ते आधी बघा). एवढं करूनही एखादा स्वस्त एलईडी बल्ब लुकलुकतच राहिला, तर बल्ब बदला. एडिटमध्ये ते निस्तरणं फार कटकटीचं.

आवाजाचं असं: उजेड कमी झाला की फोन गुपचूप फ्रेम कमी करतो, एडिटची टाइमलाइन मात्र ठरावीक फ्रेम धरून चालते. आधीच घेतलेलं फुटेज वाचवायचं असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्स्टंट (न बदलणारा) फ्रेमरेट निवडून २५ वर काढा. हालचाल जराशी अडखळेल, ओठ जुळतील.

चित्रीकरणाच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर हवा, कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. एप्रिल-मेमध्ये कव्हर काढून ठेवा, फोन तापून बंद पडतो. १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) रेकॉर्ड केलं तर तासाला ४५ जीबी लागतात. दोन डिस्कवर प्रत झाल्याशिवाय कार्ड पुसू नका.

तिसरी_घंटा
फोन नटाच्याच हातात द्या. दुसऱ्याने धरला की खांद्याची हालचाल आणि फ्रेमची हालचाल जुळत नाही, आणि रोज असे व्हिडिओ बघणाऱ्या प्रेक्षकाला ते लगेच कळतं.

मात्र दोन्ही कॅमेरे एकाच वेळी चालवण्याचा हट्ट नको. हात लांब करून धरलेला फोन खोलीभर फिरतो, त्यात बूम माइक, लाइट आणि तुम्ही सगळे येणार. आधी कथेच्या कॅमेऱ्याने प्रसंग पूर्ण करा. मग सगळ्यांनी जिन्यात जायचं, खोलीत नट एकटा, आणि तोच प्रसंग फोनवर सलग घ्यायचा. जंप कट (सलग शॉटमधला तुकडा काढून मारलेली उडी) एडिटमध्ये पाडायचे. तुकड्यांत घेतलंत तर कट कुठे पडणार हे आधीच ठरून जातं आणि विनोदाची वेळ हातातून जाते.

नजरेकडे लक्ष द्या. नवशिका व्लॉगर पडद्यावरचा स्वतःचाच चेहरा बघत बोलतो, सरावलेला लेन्समध्ये बघतो. फोनवर हा फरक जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, पण चित्रात ठळक दिसतो. पहिल्या व्लॉगमध्ये नजर पडद्यावर ठेवा. तो घरच्यांशी पहिल्यांदा खोटं बोलल्यानंतरच्या व्लॉगमध्ये ती लेन्सवर येऊ द्या. मला वाटतं, तुमच्या मालिकेचा जीव इथेच आहे: व्लॉगमध्ये तो काय दाखवतो आणि कथेच्या कॅमेऱ्याला काय दिसतं. व्लॉगमध्ये बटाट्याची भाजी दाखवून ‘आज मेजवानी’ म्हणाला की कट. कथेचा कॅमेरा मात्र त्याच ताटावर थांबून राहील, शेजारी मेसवाले काका उधारीची वही उघडून उभे.

व्हाइट बॅलन्स लॉक करा, नाहीतर खिडकीकडे वळला की चेहऱ्याचा रंग पालटतो. शटर कुलूपबंद ठेवून बाकी एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) ऑटोच राहू द्या, ती हलकी उघडझाप व्लॉगला शोभते. पुढच्या कॅमेऱ्याची आरशासारखी प्रतिमा सेव्ह करण्याची सेटिंग बंद आहे ना, तेही बघा. चालू राहिली तर मागची पाटी उलटी येते.

गोधडी_साउंड
खोली घुमते ती मोकळ्या भिंतींमुळे. फ्रेमबाहेरच्या कॉटवरच्या गाद्या भिंतीला उभ्या करा, समोरासमोरच्या दोन भिंतींपैकी एक तरी झाकली जायला हवी. वर गोधडी टांगली तर आणखी बरं. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायचा राहत नाही. सकाळच्या वेळी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या चुकत नाहीत, तेव्हा बिनसंवादाचे शॉट उरका. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून ६० सेकंद खोलीचा आवाज घ्या.

व्लॉगच्या शॉटलाही सदऱ्याच्या आत लेपल माइक लावा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आवाजाचं शिखर उणे १२ डीबीच्या आसपास. फोनचा आवाज जुळवणीपुरता. ‘फोनसारखं’ ऐकू यायला हवं तिथे मिक्समध्ये खालचे सूर कापा. खराब आवाज नंतर चांगला करता येत नाही. मिक्सच्या दोन प्रती काढा: टीव्हीसाठी उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी पातळीचं माप), यूट्यूबसाठी उणे १४ च्या जवळ.

पेठेतली_खोली
खूप उपयोग झाला. शीर्षकगीताची चाल मित्राने तोंडी ‘घे’ म्हणून दिली आहे. आणि शनिवारवाडा, टेकडी, ड्रोन?

कलम_एकोणीस
तोंडी चालत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९: हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मालिका पुढे विकायची असेल तर हे दोन रकाने आत्ताच भरा, नटांच्या संमतिपत्रातसुद्धा. तुकोबांचा अभंग वापरायला मोकळा आहे. कुणी गायलेलं त्याचं रेकॉर्डिंग मोकळं असेलच असं नाही. रिक्षात वाजणारं गाणंही शॉटमध्ये येऊ देऊ नका. पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे ऑनलाइन नोंदवता येते.

शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत, वेताळ टेकडीसाठी वनखातं. ड्रोनचं नियोजन करण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा उघडा. लोहगावचा हवाईतळ आणि खडकवासल्याची एनडीए यांमुळे शहराच्या बऱ्याच भागावर निर्बंध आहेत. मालिकेच्या पहिल्या भागात ड्रोनशिवाय काही अडतंय असं वाटत नाही, एखाद्या राहत्या वाड्याच्या गच्चीवरून पेठ छान दिसते. गच्चीच्या मालकाकडून मात्र तारीख आणि वेळ घालून लेखी परवानगी घ्या.